शून्य पाठवल्यास

चारशे बारा पानं आपण लिहिलेलीच नाहीत, हे विर्पीला ट्राममध्ये कळलं. नोव्हेंबरातली सकाळ होती. साडेसात वाजून गेले तरी बाहेर काळोखच होता आणि काचेत रस्त्याऐवजी आतल्याच माणसांचे चेहरे दिसत होते, सगळे खाली मान घातलेले. तिने फोनवर कंपनीची नवी साइट उघडली ती एका स्वल्पविरामासाठी. काल संध्याकाळपासून तो तिच्या डोक्यात खुपत होता. स्वल्पविराम जागेवर होता. पण पानाच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांत, एक ओळ होती जी तिने आधी पाहिली नव्हती : शेवटचा बदल, तोपियास एस्कोला, अकरा नोव्हेंबर. असेल, या पानात त्याने काही हलवलं असेल, असं म्हणून तिने पुढचं पान उघडलं. तोपियास एस्कोला, अकरा नोव्हेंबर. त्याच्या पुढचं. त्याच्याही पुढचं. अंगठा काचेवरून सरकत राहिला आणि प्रत्येक पानाखालून तेच नाव वर येत राहिलं. तिचा थांबा मागे पडला. उतरून, तामेरकोस्की नदीच्या पुलावरून उलट चालत येताना खालून पाण्याचा आवाज येत होता आणि वारा नेमका तोंडावर. एकोणीस वर्षं, ती मनात म्हणत होती. एवढंच, पुढे काही नाही. एकोणीस वर्षं.

ती काय लिहीत होती हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की त्याचे डोळे दोन मिनिटांत विझायचे. कंपनी इमारतींची उष्णता सांभाळणारी यंत्रणा विकायची. इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम या यंत्रणेला निरोप पाठवायचे : अमक्या घरांची उष्णता सकाळी दोन तास कमी ठेव, तमक्यांची पूर्ववत कर. निरोप कसा लिहायचा, कुठल्या जागी कुठला आकडा घालायचा, चुकला तर यंत्रणा काय उत्तर देईल, हे सांगणारी पानं म्हणजे एपीआयचं डॉक्युमेंटेशन. ते विर्पी लिहायची. पंचावन्न वर्षांची बाई, एकटी राहणारी, वाक्यातून एक शब्द काढता आला तर दिवस चांगला गेला असं मानणारी. तिच्या पानांवर तिचं नाव कधीच नव्हतं. तिला ते नकोही होतं, असं ती त्या सकाळपर्यंत समजत होती. पानांवर कुणाचंच नाव नसणं ही एक गोष्ट होती. तिथे त्याचं असणं, ही दुसरी.

तोपियास दीड वर्षापूर्वी आला होता, एकतीस वर्षांचा, मार्चपर्यंतच्या कंत्राटावर. ऑफिसात तो लोकरीच्या मोज्यांवर फिरायचा, त्यामुळे तो पाठीमागे येऊन उभा राहिलाय हे कळायचंच नाही. दुपारपर्यंत डोक्यावरची टोपी काढायचा नाही. टेबलाशी बसून ओट्सची लापशी खायचा आणि चमचा चाटून परत पेनांच्या मगात ठेवायचा. बायकोला सातवा महिना लागला होता, तारीख साऱ्या मजल्याला ठाऊक होती. पूर्वी विर्पी एका मोठ्या फाइलीत लिहायची, तिची चारशेएक पानांची पीडीएफ निघायची, ती हेन्नाकडे जायची, हेन्ना म्हणजे विभागाची मुख्य, आणि तिच्याकडून आठवड्या-दोन आठवड्यांनी ग्राहकांकडे. तोपियासने ते सगळं मोडलं. मजकूर आता कोडच्या शेजारीच ठेवायचा. कुणी एक ओळ बदलली, दुसऱ्याने ती मंजूर केली, की पुढचं मशीन बघणार. ते दुवे तपासणार, पानं बांधणार, जगापुढे मांडणार. चार मिनिटांत. त्यासाठी त्याने तिची सगळी जुनी पानं एका छोट्या प्रोग्रामने एकदम नव्या जागी हलवली, आणि मशीनच्या लेखी ती सगळी त्या एका दिवशी, त्याच्याच हातून जन्माला आली.

तिने त्याला विचारलं. रागाने नाही, राग दाखवायची तिला सवयच नव्हती. टेबलाशी उभी राहिली, त्याने कानांवरचे हेडफोन खाली ओढले, आणि तिने सांगितलं की प्रत्येक पानाखाली त्याचं नाव दिसतंय.

"अरे हो, ते मशीन लावतं," तो म्हणाला. "मी सगळं एका दमात हलवलं ना. जुना इतिहास आणायचा तर अजून आठवडा गेला असता." मग तिचा चेहरा बघून, अगदी मऊपणाने, "कोण वाचतं ते, विर्पी?"

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर वेलदोड्याचा पाव होता, रुमालात गुंडाळलेला. तिने तो दुपारी शौचालयातल्या डब्यात टाकला, वरून हात पुसायचे कागद घातले. त्याचा चांगुलपणा तिला सहन व्हायचा नाही. तो मत्सरी असता, चोर असता, तर त्याच्याशी काही नातं जोडता आलं असतं. पण त्याने चोरलंच नव्हतं. जमिनीवर पडलेली वस्तू उचलून कपाटात ठेवावी तशी त्याने तिची एकोणीस वर्षं उचलून ठेवली होती, आणि ती कुणाची आहे हा प्रश्न त्याच्या मनालाही शिवला नव्हता. कोण वाचतं ते. हे वाक्य घेऊन ती घरी गेली, हे वाक्य घेऊन बटाटे सोलले, इमारतीच्या सॉनात तिच्या वाट्याच्या बुधवारी वरच्या बाकावर बसून हेच वाक्य तापलेल्या दगडांवर पाण्याबरोबर ओतलं. ते वाफ होऊन परत तिच्याच तोंडावर आलं.

असं तिच्या बाबतीत पूर्वी एकदा झालं होतं, आणि त्या आठवणीकडे ती सहसा फिरकत नसे. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी, मार्चअखेरीस, ती नॅसियार्वीच्या बर्फातून खाली गेली होती. सरोवर ओलांडताना तीच पुढे होती, तिचा नवरा रौनो मागे बूट बांधत थांबला होता. बर्फ फुटताना आवाज झालाच नाही, हे तिला आठवत होतं. नुसती जमीन नाहीशी झाली. तिने कोपरांनी स्वतःला बाहेर ओढलं. रौनो आला तेव्हा ती बर्फावर पालथी पडून खोकत होती. आणि पुढच्या उन्हाळ्यात, रौनोच्या भावाच्या उन्हाळी घरी, सरोवराच्या काठावर सगळे बिअर घेऊन बसले असताना रौनोने ती गोष्ट सांगायला घेतली. तो म्हणाला, मी पुढे होतो. तो म्हणाला, आवाज होत नाही बरं का, नुसती जमीन जाते. सगळे गप्प होऊन ऐकत होते. ती त्याच्या शेजारी बसली होती, मांडीवर मोहरी लावलेला सॉसेज होता, आणि ती काही बोलली नाही. त्या क्षणी बोलायला हवं होतं. तो क्षण गेला आणि मग ती गोष्ट त्याचीच झाली. पुढे नऊ वर्षं तो ती सांगत राहिला, दरवेळी एखादं बारीक अंग जास्त. वाईट हे की काही वर्षांनी ते पाणी कसं लागलं होतं ते तिलाच आठवेनासं झालं. आठवायला गेली की रौनोचा आवाज यायचा. घटस्फोटाच्या वेळी भांडी, पुस्तकं, गालिचे सगळ्यांची वाटणी झाली. ती गोष्ट त्याच्याकडेच गेली.

डिसेंबरात नव्या साइटचा केक कापला. टाळ्या तोपियाससाठी होत्या आणि त्या रास्तच होत्या, हेही तिला कळत होतं. शोधायला सोपी, फोनवर नीट दिसणारी, अशी चीज त्याने खरंच उभी केली होती. जुना सर्व्हर त्याच आठवड्यात पुसून टाकला. एका नव्या ग्राहकाने लिहून कळवलं की इतकी स्वच्छ, इतकी नेमकी भाषा आपण कुठल्याच कंपनीच्या पानांवर वाचली नाही. हेन्नाने ते पत्र तोपियासला पाठवलं, खाली लिहिलं, शाब्बास. विर्पीला प्रत मिळाली, माहितीसाठी. तोपियासने सगळ्यांना उत्तर दिलं की यात विर्पीचाही हात आहे. हात. तिने तो शब्द बराच वेळ बघितला. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं, थंडीने बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी उतरली. उणे अठ्ठावीस. ट्रामचे दरवाजे कुरकुरायला लागले, नाकातले केस आत गोठायचे. सोमवारी सकाळी हेन्नाने दोघांना काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. शहराबाहेर अठरा बैठ्या घरांची वस्ती आहे, बहुतेक म्हातारी माणसं, देखभाल एका छोट्या कंपनीकडे. डिसेंबरातलं ते कौतुकाचं पत्र त्याच कंपनीचं होतं. त्यांच्या नव्या प्रोग्रामने शुक्रवारी सकाळी, पहिल्यांदाच आणि आधी एकाच घरात, दोन तासांसाठी उष्णता कमी केली. दोन तासांनी ती मर्यादा उठवायला शून्य पाठवलं. मर्यादा उठली नाही. शनिवार गेला. रविवारी त्या घरातला म्हातारा पलंगावर बेशुद्ध सापडला, अंगात कोट, त्याच्यावर दोन गोधड्या. घरात आठ अंश. तो जगेल असं डॉक्टर म्हणतायत, हेन्ना म्हणाली, आणि मग तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर विर्पीचं पान होतं. एक वाक्य पिवळ्या रंगाने उठवलेलं : कालावधीच्या जागी शून्य पाठवल्यास मर्यादा उठते.

"हे खोटं आहे," हेन्ना म्हणाली. "शून्य पाठवलं तर मर्यादेला मुदतच राहत नाही. वेगळा निरोप देऊन उठवीपर्यंत ती तशीच चालू राहते. पहिल्या दिवसापासून असंच आहे." मग तिची नजर पानाच्या तळाशी गेली, आणि तिथून तोपियासकडे.

विर्पीने वाक्य ओळखलं. आपली चाल आपल्याला ओळखू येते तसं. 'पाठवल्यास'. दुसऱ्या कुणी 'पाठवलं तर' लिहिलं असतं. ते तिने चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं. तो गुरुवारच होता, कारण जिन्यावर वाटाण्याच्या सुपाचा वास होता, आणि ते खाली गुरुवारीच असायचं. पेन्त्ती, ज्याने ती यंत्रणा बांधली होती आणि जो आता नोकरी सोडून उत्तरेत कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्या चालवतो, खाली जेवायला निघाला होता. तिने त्याला अर्ध्या जिन्यात गाठून विचारलं, शून्य टाकलं तर काय होतं? तो न थांबता म्हणाला, "शून्य म्हणजे मर्यादा नाही." ती वर परत गेली आणि तिने लिहिलं, मर्यादा उठते. त्याला म्हणायचं होतं की काळाची मर्यादा नाही. तिने ऐकलं की उष्णतेवरची मर्यादा नाही. इतकंच झालं होतं. दोघांच्या मधे चार पायऱ्या होत्या आणि त्याला भूक लागली होती. चार वर्षं ते वाक्य एका पीडीएफच्या त्र्याहत्तराव्या पानावर पडून होतं आणि कुणीही, एकाही माणसाने, ते वाचलं नव्हतं. जुने ग्राहक ठरावीक तास घालायचे, शून्याची त्यांना गरजच पडली नव्हती. मग तोपियासने साइट बांधली, शोधायची पेटी दिली, आणि डिसेंबरात कुणीतरी त्या पेटीत 'मर्यादा उठवणे' असं लिहिलं. तिचं वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी वाचलं, मानलं, आणि त्यानुसार वागलं.

ती काही बोलली नाही. तोपियासने टोपी काढली होती, त्याचे केस चपटे दिसत होते. तो म्हणाला की बघावं लागेल, पानं हलवताना तीसेक जड वाक्यं त्याने हाताने सोपी केली होती, कुठली ते त्याने लिहून ठेवलेलं नाही. जुनी फाइल सर्व्हरबरोबर गेली. हेन्नाने मान हलवली. शुक्रवारी ग्राहकाच्या माणसांबरोबर बैठक आहे, कंपनीचा वकील येईल, तोवर दोघांनी आपापल्या आठवणी गोळा कराव्यात, असं ती म्हणाली. दोघांनी. पण बघत होती एकाकडेच.

तो आठवडा विर्पीच्या आयुष्यातला विचित्र आठवडा होता आणि त्यातले पहिले दोन दिवस, हे ती नंतरही स्वतःपासून लपवू शकली नाही, सुखाचे होते. तोपियास लापशी खायचा बंद झाला. कॉफीच्या यंत्रापाशी तो आला की बोलणारे आपापले मग उचलून जायचे. इथे कुणी कुणाला टाकून बोलत नाही, फक्त जागा मोकळी होते. तो हेडफोन न घालता बसायचा, जणू कुणी हाक मारली तर ऐकू यावी. ती समोरच्या टेबलावरून बघत राहायची. घे, ती मनात म्हणायची, आता वाच. तुझं नाव आहे ना खाली, चारशे बारा वेळा आहे, आता लोक वाचतायत, सगळ्या गावाने वाचू दे. जेवायला ती एकटीच बाजारात गेली, काळं सॉसेज आणि लिंगोनबेरीचा मुरंबा घेतला, आणि कितीतरी दिवसांनी तिला चव लागली. म्हाताऱ्याचा विचार तिने केला नाही. तो येऊ लागला की ती पटकन तोपियासचा विचार करायची.

बुधवारी तिने कपाट उघडलं. खालच्या खणात, जुन्या, सतत अडणाऱ्या प्रिंटरच्या काळातली, चार वर्षांपूर्वीची पूर्ण पीडीएफ छापून ठेवलेली होती. तपासताना ती कागदावर तपासायची. त्र्याहत्तरावं पान. वाक्य तिथे होतं, शब्दाला शब्द. समासात तिच्याच अक्षरात, शिसपेन्सिलीने, तारीख आणि 'छान'. ते पान तिने गठ्ठ्यातून काढलं, घडी घातली आणि पिशवीत टाकलं. फाडायचं तर ऑफिसात फाडता आलं असतं, कागद तुकडे करायचं यंत्र दहा पावलांवर होतं. ते ठेवायचं कशाला हेही तिला ठाऊक नव्हतं. घरी नेलं, परत आणलं, परत नेलं. गुरुवारी ट्राममध्ये ते काढून वाचताना तिला जाणवलं की वाक्य अजूनही आवडतंय. सहा शब्द, एकही जास्तीचा नाही. ते खोटं आहे हे माहीत असूनही तिचा कान त्याच्या तालावर डुलत होता, आणि तिला स्वतःची किळस आली, पण तीही पुरेशी आली नाही. आठ अंशांच्या खोलीत कोट घालून पडलेला माणूस आणि हे नेटकं वाक्य, या दोन गोष्टी तिच्या मनात शेजारी उभ्या राहत होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या.

शुक्रवारी खोलीत पाच जण होते. हेन्ना, वकील, तोपियास, विर्पी, आणि त्या छोट्या कंपनीची मालकीण आइला, साठीची बाई, अंगावर काम करायचं जाड जाकीट, तिने ते काढलं नाही. कॉफीला हात लावला नाही. तिनेच सांगितलं, सपाट आवाजात, हवामान सांगावं तसं. म्हाताऱ्याचं नाव ताउनो, वय चौऱ्याऐंशी, आयुष्यभर लेथवर काम केलेला. शनिवारी त्याने तिच्या कंपनीच्या नंबरावर फोन केला, घर गार पडलंय म्हणाला. फोन घेणाऱ्या मुलीने पडद्यावर बघितलं, पडद्यावर मर्यादा उठलेली दिसत होती, कारण प्रोग्रामने शून्य पाठवलं होतं आणि तशी नोंद केली होती. तिने सांगितलं, इथे सगळं ठीक दिसतंय, थोडा वेळ थांबा. संध्याकाळी त्याने परत फोन केला. तेच सांगितलं. मग त्याने फोन केला नाही. तो तक्रार करणारा माणूस नाही, आइला म्हणाली. रविवारी त्याच्या पायऱ्यांवरचं बर्फ कुणी झाडलेलं दिसलं नाही म्हणून ती आत गेली.

वकिलाने विचारलं की हे वाक्य कुणाचं. आवाजात काही नव्हतं, तो नुसता रकाना भरत होता. तोपियास सरळ होऊन बसला. त्याने रात्री झोप घेतली नव्हती हे दिसत होतं, दाढीही नीट झाली नव्हती. तो म्हणाला की त्याने खूप विचार केला. या भागातली भाषा त्यानेच सुधारली होती, हे त्याला नक्की आठवतंय. "वाक्य बघितलं तर ते माझंच वाटतं," तो म्हणाला. "छोटं आहे. मी असंच लिहितो. हे मीच लिहिलं असणार."

विर्पीच्या कानात काहीतरी बंद झालं. जमीन जाते तेव्हा आवाज होत नाही. तो खोटं बोलत नव्हता, तेच भयंकर होतं; तो मनापासून, धीराने, दोष उचलत होता, आणि उचलताना ते वाक्य उचलून नेत होता. मी असंच लिहितो. तो असं लिहीत नव्हता. त्याला असं कधीच लिहिता आलं नसतं, त्याची वाक्यं ओल्या कपड्यांसारखी लोंबत असतात. ती आता गप्प राहिली तर तो नोकरी गमावेल, मार्चनंतर त्याला कुणी ठेवणार नाही, आणि तिला हवं होतं ते सगळं होईल. तिने हे सगळं पाहिलं, एका क्षणात, लख्ख. आणि तरी तिचा हात पिशवीत गेला. नंतर लोकांनी त्या हाताला बरीच नावं दिली. तिने स्वतः त्याला सद्सद्विवेक कधी म्हटलं नाही. तो हात म्हाताऱ्यासाठी गेला नव्हता आणि तोपियाससाठी तर मुळीच नाही.

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली, आणि पान टेबलावर उलगडलं. "त्याने त्याला हात लावलेला नाही."

घडीमुळे पान मधे उभं राहत होतं. हेन्नाने ते दाबून सपाट केलं, तारीख वाचली, समासातला शब्द वाचला. मग वकिलाने नवा कागद घेतला, आणि विर्पीने जिना, सूप, पेन्त्ती, सगळं क्रमाने सांगितलं. सांगताना तिचा आवाज मोकळा होता, तिलाच नवल वाटलं. पेन्त्तीवर तिने काही ढकललं नाही. त्याने जे सांगितलं ते बरोबर होतं, ऐकणारी मी होते, लिहिणारी मी होते, असं ती म्हणाली. तोपियासने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. हात काढले तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

पुढे काय झालं ते असं. विम्याने भरपाई दिली. ताउनो अकरा दिवसांनी घरी आला, पण स्वयंपाकघरातच झोपू लागला, चुलीपाशी. विर्पीला लेखी ताकीद मिळाली आणि उन्हाळ्यात, आपणहून, तिने नोकरी सोडली. तोपियासचं कंत्राट वाढलं. त्याने एका आठवड्यात असं काहीतरी जोडलं की पानावरचा प्रत्येक दावा मशीन स्वतः यंत्रणेवर चालवून बघतं आणि खोटा निघाला तर पान बाहेर जाऊच देत नाही. ते काम चांगलं होतं आणि आधीच व्हायला हवं होतं, हे विर्पीनेही मान्य केलं. पण ते सगळं नंतर. त्या शुक्रवारी बैठक उठली तेव्हा हेन्नाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, जे एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि म्हणाली की असं उभं राहायला धैर्य लागतं. तोपियास दारात थांबला होता. तो म्हणाला की तो हे कधी विसरणार नाही, बाळ होईल तेव्हा त्यालाही सांगेल. विर्पीने त्याच्याकडे बघितलं. त्याचा द्वेष कमी झालेला नव्हता. उलट आता त्यात त्याच्या कृतज्ञतेची भर पडली होती, आणि ती तिला जन्मभर वागवावी लागणार होती. "टोपी घाल, गारठशील," ती म्हणाली, आणि तो हसला, त्याला ते मायेचं वाटलं.

आइला खाली दारापाशी हातमोजे चढवत होती. विर्पी जिना उतरून आली तेव्हा दोघींशिवाय तिथे कुणी नव्हतं. बाहेरच्या दिव्याखाली कुणाची तरी गाडी धूर सोडत उभी होती.

"वरच्यांना वाटतंय की आता सगळ्यांनी एकमेकांना माफ करायचं आणि घरी जायचं," आइला म्हणाली. "मी करणार नाही."

"नको करूस."

"तू ते शून्य कधी स्वतः पाठवून बघितलंस?"

"नाही."

"चार वर्षांत?"

"एकदाही नाही. विचारलं, लिहिलं. वाक्य चांगलं झालं होतं."

"चांगलं झालं होतं," आइला म्हणाली. तिने एक हातमोजा परत काढला. "फोनवर माझी मुलगी होती. दोन्ही वेळा. तुझं वाक्य वाचून प्रोग्राम लिहिणारीही तीच. आता घरात फोन वाजला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. तुला हे माहीत असावं म्हणून सांगते, बाकी काही नाही. तू तिथे उभी राहून खरं बोललीस त्याने मला तुझ्याबद्दल बरं वाटलेलं नाही. वाटावं अशी अपेक्षाही ठेवू नकोस."

विर्पीने मान हलवली. तिच्या छातीत काहीतरी सैल होत होतं, आणि ते काय आहे हे तिला नीट दिसत होतं, आणि त्याची लाज वाटत होती, आणि तरी ते सैल होतच होतं. ही बाई तिच्याकडे बघत होती. तिच्या पलीकडे नाही, तिच्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे नाही. कितीतरी वर्षांत इतक्या सरळ, इतक्या जवळून, तिच्यावर कुणी रागावलं नव्हतं.

"ताउनो शुद्धीवर आल्यापासून रोज विचारतो, हे लिहिलं कोणी," आइला म्हणाली. "मी सांगत होते, मशीनने. तो ऐकत नाही. म्हणतो, मशीन लिहीत नसतं, कुणीतरी बसून लिहिलेलं असतं." तिने जाकिटाच्या खिशातून मळकी वही काढली, तिच्यात कुणाच्या नळाला गळती, कुणाचं कुलूप, असलं काहीबाही होतं. कोरं पान मिळेपर्यंत उलटत गेली. "पूर्ण नाव सांग."

"विर्पी सोल्मान."

आइला भिंतीवर वही टेकवून लिहू लागली. पेन थंडीने उमटत नव्हतं, तिने ते श्वासाने ऊब देऊन पुन्हा टेकवलं. विर्पी वाकून बघत होती.

"ओ नंतर एक एच आहे," ती म्हणाली. "बोलताना ऐकू येत नाही. लिहावा लागतो."

आइलाने तिच्याकडे एकदा बघितलं, मग ओळीत मागे जाऊन, दोन अक्षरांच्या मधे कशीबशी जागा करून, एच घातला.